‘टॉटसीन्स’ : पाहुणा शब्द आणि निरोपाची रीत

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असतो. परवा व्हिडिओ कॉलवर बोलत असताना त्याचे घरमालक तिथे आले. त्यांनी माझी इंग्रजीत चौकशी केली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि जाताना हात हलवून ‘टॉटसीन्स’ असे काहीसे म्हणाले. मुलगा म्हणाला, “म्हणजे बाय.” मला प्रश्न पडला, की सगळे बोलणे इंग्रजीत आणि निरोपाचा शब्द मात्र निराळा, असे का? हा शब्द इंग्रजी आहे, डच आहे की तिकडचा झुलू? आणि इंग्रजीत ‘गुडबाय’सारखा चांगला शब्द असताना दुसरीकडून उसना घ्यायची गरजच काय?
(सांगलीहून एक वाचक भगिनी)

उत्तर : तुमच्या मुलाने सांगितलेला अर्थ बरोबर आहे. घरमालकांनी तुमचा निरोप घेतला, तोही आपुलकीच्या शब्दाने. तुमच्या पत्रात तीन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत : शब्द मुळात कुठला, तो इंग्रजी बोलण्यात कसा आला, आणि हाताशी शब्द असताना तो का घेतला. एकेक गाठ क्रमाने सोडवू.

शब्द कोणत्या भाषेतला?

‘टॉटसीन्स’ हा शब्द आफ्रिकान्स भाषेतला. भाषेच्या नावावरून अनेकांची समजूत होते, की ही झुलू किंवा खोसासारखी आफ्रिकेतली प्राचीन भाषा असावी. तशी ती नाही. ती जन्मली आफ्रिकेत, पण तिचा मूळ धागा युरोपातल्या डच भाषेचा आहे. डच म्हणजे आपल्या मराठी बखरींतले आणि इतिहासाच्या पुस्तकांतले वलंदेज. त्यांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली स्थापन झाली. मसाल्याच्या व्यापारासाठी तिची जहाजे आशियाभर फिरत. आपल्या वेंगुर्ल्यातही तिची वखार होती.

युरोपातून आशियात यायला जहाजांना कित्येक महिने लागत. वाटेत ताजी भाजी, फळे, गोडे पाणी मिळाले नाही की खलाशी स्कर्व्हीने आजारी पडत, मरत. म्हणून कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकापाशी एक थांबा उभारायचे ठरवले. ६ एप्रिल १६५२ रोजी यान फान रीबेक हा अधिकारी तिथे उतरला. भाजीचे मळे लावायचे, गुरे मिळवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना रसद पुरवायची, एवढेच त्याचे काम होते. पण थांब्याभोवती शेते झाली, शेतांभोवती वस्ती झाली आणि त्या वस्तीचे पुढे केपटाउन झाले.

या वस्तीत फक्त डच राहत नव्हते. मूळचे खोईखोई पशुपालक होते, जर्मन शिपाई होते, १६८८ पासून धर्मछळामुळे देश सोडून आलेले फ्रेंच ह्युगेनॉट होते. आणि मोठ्या संख्येने गुलाम होते : मादागास्करचे, पूर्व आफ्रिकेचे, इंडोनेशियाच्या बेटांवरचे, तसेच भारतातल्या बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेले. या सर्वांना मालकाशी आणि आपापसांत बोलायला एक भाषा हवी होती. ती डच. पण ती त्यांनी शाळेत बसून, व्याकरण घोकून शिकली नाही. कानांवर पडेल तशी उचलली आणि जिभेला सोपी जाईल तशी वापरली.

याचा परिणाम असा झाला, की डचमधली नामांची लिंगे गळाली, क्रियापदांची रूपे जवळपास एकसारखी झाली आणि काही नव्या लकबी आल्या. नकारार्थी वाक्यात ‘नाही’ हा शब्द बहुधा दोनदा येतो, ही त्यांपैकी एक. ‘मी इंग्रजी बोलत नाही’ हे आफ्रिकान्समध्ये सांगायचे तर ‘नी’ हा नकार एकदा क्रियापदानंतर आणि पुन्हा वाक्याच्या शेवटी लावतात. म्हणून आफ्रिकान्सला ‘बिघडलेली डच’ म्हणणे चूक आहे. तिचे स्वतःचे नियम आहेत आणि ते काटेकोर आहेत.

शब्दाची फोड काय?

डचमध्ये निरोप घेताना दोन शब्द म्हणतात : ‘टॉट झीन्स’. ‘टॉट’ म्हणजे ‘पर्यंत’. ‘झीन’ म्हणजे ‘पाहणे’, आणि त्याला लागलेला ‘स’ हा जुन्या षष्ठी विभक्तीचा प्रत्यय. मिळून अर्थ होतो ‘पुन्हा दृष्टीस पडेपर्यंत’. आफ्रिकान्समध्ये डचचा ‘झ’ नियमाने ‘स’ होतो. डच ‘झोन’, म्हणजे सूर्य, आफ्रिकान्समध्ये ‘सोन’ होतो, आणि ‘झे’, म्हणजे समुद्र, ‘से’ होतो. त्याच नियमाने ‘झीन्स’चे ‘सीन्स’ झाले. डचमध्ये दोन शब्द सुटे लिहितात, आफ्रिकान्समध्ये ते जोडून एक शब्द झाला आहे. उच्चारताना जोर ‘सीन्स’वर येतो.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आफ्रिकान्सने विभक्तीचे बहुतेक प्रत्यय टाकून दिले, पण या शब्दातला ‘स’ टिकला. याचे कारण असे, की बोलणाऱ्याच्या मनात हा शब्द फोड न करता अखंडच राहतो. रोज तोंडात असलेले नमस्काराचे आणि निरोपाचे शब्द आपले जुने रूप असेच धरून ठेवतात. इंग्रजीतला ‘गुडबाय’ त्याचेच उदाहरण. पुष्कळांना वाटते, की तो ‘गुड’ म्हणजे चांगला आणि ‘बाय’ या दोन शब्दांचा बनला. प्रत्यक्षात तो ‘देव तुमच्यासोबत असो’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी वाक्याचा आक्रसलेला अवशेष आहे. मूळ शब्द देवाचा. पुढे ‘गुड डे’, ‘गुड नाइट’ यांच्या ओढीने देवाच्या जागी ‘गुड’ येऊन बसला.

इंग्रजी बोलण्यात तो आला कसा?

ब्रिटिशांनी केपची वसाहत पहिल्यांदा १७९५ मध्ये घेतली, १८०३ मध्ये परत दिली आणि १८०६ मध्ये पुन्हा ताब्यात घेतली. १८२० मध्ये सुमारे चार हजार ब्रिटिश वसाहतवाल्यांना सरकारने पूर्वेकडच्या सरहद्दीवर नेऊन वसवले. तेव्हापासून इंग्रजी आणि आफ्रिकान्स या दोन भाषा शेजारी शेजारी नांदत आहेत. शेजार नेहमी गोडीगुलाबीचा नव्हता. ब्रिटिशांनी इंग्रजी ही सरकारी भाषा केली, पुष्कळ डचभाषक शेतकरी, म्हणजे बोअर, १८३० च्या दशकात बैलगाड्या जोडून आतल्या प्रदेशात निघून गेले, आणि १८९९ ते १९०२ या काळात दोघांमध्ये मोठे युद्ध झाले.

युद्धानंतर मात्र दोघांना एकाच देशात राहायचे होते. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ बनला तेव्हा इंग्रजी आणि डच या दोन राजभाषा ठरल्या, आणि १९२५ मध्ये आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा मिळाला. या दर्जामागे लोकांची चळवळ होती. केपटाउनजवळच्या पार्ल गावात १८७५ मध्ये या भाषेसाठी एक संस्था निघाली, आणि पुढच्याच वर्षी तिने आफ्रिकान्समधले वृत्तपत्र सुरू केले. संपूर्ण बायबल आफ्रिकान्समध्ये यायला १९३३ साल उजाडले.

दोन भाषा राजभाषा झाल्याने रोजच्या व्यवहाराचे रूप बदलले. रेल्वेच्या फलाटावर, टपाल कचेरीत, सरकारी अर्जावर दोन्ही भाषा दिसू लागल्या. इंग्रजी घरातली मुले शाळेत आफ्रिकान्स शिकत, आफ्रिकान्स घरातली मुले इंग्रजी शिकत. १९७६ मध्ये दूरदर्शन सुरू झाले तेव्हा एकच वाहिनी होती आणि तिची वेळ या दोन भाषांत निम्मी निम्मी वाटलेली होती. अशा देशात इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानांवर ‘टॉटसीन्स’ दिवसातून किती वेळा पडत असेल, याची कल्पना करता येईल. रोज ऐकलेला शब्द पुढे तोंडात बसतो. तसा तो बसला, आणि इंग्रजीच्या शब्दकोशांतही ‘दक्षिण आफ्रिकी’ अशी खूण घेऊन दाखल झाला.

आणखी एक कारण आहे. दक्षिण आफ्रिकेत इंग्रजी सगळीकडे चालते, पण ती घरची भाषा असलेले लोक थोडे आहेत. २०२२ च्या जनगणनेनुसार घरात मुख्यतः इंग्रजी बोलणारे सुमारे ८.७ टक्के, तर आफ्रिकान्स बोलणारे सुमारे १०.६ टक्के. सर्वांत जास्त, जवळपास एक चतुर्थांश, झुलू बोलणारे. म्हणजे तिथे इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेकांची ती दुसरी किंवा तिसरी भाषा असते. आपल्याकडेही इंग्रजी बोलताना मध्येच ‘अच्छा’, ‘अरे’, ‘चला’ येतात. मनातली भाषा निरोपाच्या क्षणी आपोआप वर येते. तुमच्या मुलाच्या घरमालकांची घरची भाषा आफ्रिकान्स असण्याचा संभव आहे, पण नसली तरी हा शब्द त्यांच्या तोंडी नवलाचा नाही.

शब्द असताना उसना का घेतला?

ही तुमची मुख्य शंका, आणि तिच्या मुळाशी एक सार्वत्रिक समजूत आहे. आपल्याला वाटते, की एखाद्या भाषेत शब्दाची उणीव असेल तरच ती बाहेरून शब्द घेते. वस्तूंच्या बाबतीत हे पुष्कळसे खरे आहे. दक्षिण आफ्रिकेत आलेल्या इंग्रजांना तिथल्या प्राण्यांची नावे ठाऊक नव्हती, म्हणून ‘आर्डव्हार्क’, ‘स्प्रिंगबॉक’, ‘वाइल्डबीस्ट’ हे शब्द त्यांनी जसेच्या तसे उचलले. निरोपाचे तसे नाही. इंग्रजीत ‘गुडबाय’ आहे, ‘फेअरवेल’ आहे, आणि ‘पुन्हा भेटू’ या अर्थाचे ‘सी यू’देखील आहे. म्हणजे उणीव भरून काढायला ‘टॉटसीन्स’ घेतला, असे म्हणता येत नाही.

मग तो घेतला कशासाठी? तीन कारणे सांगता येतील. पहिले, निरोपाचा शब्द वाक्याबाहेर उभा असतो. परक्या भाषेतले क्रियापद घेतले तर त्याला काळ, पुरुष, वचन यांच्या साच्यात बसवावे लागते. निरोपाच्या शब्दाला कर्ता लागत नाही, कर्म लागत नाही, प्रत्यय लागत नाही. तो जसाच्या तसा उचलून वापरता येतो. दुसरे, तो शिकवावा लागत नाही. माणूस दाराकडे वळला आहे, हात हलतो आहे, अशा वेळी तोंडून निघालेल्या शब्दाचा अर्थ लहान मुलालाही कळतो.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. निरोपाचा शब्द माहिती देत नाही, तो नाते सांभाळतो. समोरच्याच्या भाषेत चार वाक्ये नीट बोलता आली नाहीत, तरी शेवटचा एक शब्द त्याच्या भाषेत म्हणता येतो, आणि त्या एका शब्दाने ‘मी तुमच्या भाषेला परकी मानत नाही’ हे सांगून होते. हे सौजन्य फार स्वस्तात मिळते आणि फार दूर जाते. म्हणूनच जगभर निरोपाचे शब्द एका भाषेतून दुसरीत सहज जातात. इंग्रजीनेच फ्रेंचमधून ‘आद्यू’ आणि ‘ओ रव्वार’, इटालियनमधून ‘चाव’, स्पॅनिशमधून ‘आदिओस’, जपानीतून ‘सायोनारा’ घेतले आहेत.

या शब्दांचे मूळ अर्थ पाहिले की निरोपाचे काही ठरावीक प्रकार दिसतात. काही शब्द देवावर सोपवतात : ‘गुडबाय’, ‘आद्यू’, ‘आदिओस’ आणि आपल्याकडचा ‘खुदा हाफिज’. काही नम्रता दाखवतात : ‘चाव’ व्हेनिसच्या बोलीतल्या ‘मी आपला दास’ या अर्थाच्या शब्दातून आला. काही पुन्हा भेटीचा वायदा करतात : ‘ओ रव्वार’, जर्मनमधला ‘आउफ व्हीडरझेएन’ आणि आपला ‘टॉटसीन्स’. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तोही याच तिसऱ्या प्रकारातला. निघण्याच्या क्षणी परतण्याची गोष्ट बोलायची, ही रीत केपटाउनमध्येही आहे आणि कोल्हापुरातही.

उलट बाजूने काही गेले का?

गेले, आणि तेही निरोपाचाच शब्द होऊन. आफ्रिकान्स बोलणारे लोक एकमेकांचा निरोप घेताना ‘कूबाय’ असेही म्हणतात. हा ‘कूबाय’ म्हणजे दुसरेतिसरे काही नसून इंग्रजीतला ‘गुडबाय’. ‘ग’चा ‘क’ होण्याचे कारण उच्चारात आहे. आफ्रिकान्समध्ये ‘ग’ हे अक्षर घशातून ‘ख’सारखे घासून उच्चारतात. इंग्रजीतला ठसठशीत ‘ग’ त्यांच्या ध्वनींत सहज बसत नव्हता, त्याला सर्वांत जवळचा ध्वनी ‘क’, म्हणून ‘कूबाय’. एका बाजूने ‘टॉटसीन्स’ घेतला, दुसऱ्या बाजूने ‘गुडबाय’ घेतला. युद्ध लढलेल्या दोन समाजांनी निरोपाच्या शब्दांची अशी देवाणघेवाण करावी, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे.

तुमच्या मुलाला ‘टॉटसीन्स’बरोबर आणखी काही शब्द ऐकू येतील. ‘मोइ लूप’ म्हणजे शब्दशः ‘छान चाला’, अर्थात ‘सांभाळून जा’. झुलूमध्ये निघणाऱ्याला ‘हांबा काहले’ म्हणतात, ‘नीट जा’. आणि निघणारा मागे राहणाऱ्याला ‘साला काहले’ म्हणतो, ‘नीट राहा’. यांची इंग्रजी भाषांतरेही तिथल्या इंग्रजीत रुळली आहेत. तरुण मुले ‘शार्प’ म्हणूनही निरोप घेतात.

आणखी एका गोष्टीची मुलाला आधीच कल्पना देऊन ठेवा. दक्षिण आफ्रिकेत कोणी ‘जस्ट नाउ येतो’ म्हणाले तर लगेच दाराशी उभे राहू नये. ही आफ्रिकान्समधल्या ‘नेटनाउ’ या शब्दाची सावली आहे आणि तिचा अर्थ ‘थोड्या वेळाने’ असा होतो. आपल्याकडच्या ‘आत्ता आलोच’ची सवय असलेल्या माणसाला हे समजायला जड जाणार नाही.

आफ्रिकान्स ही फक्त गोऱ्यांची भाषा का?

तुमच्या पत्रात हा प्रश्न नाही, पण हा शब्द कळल्यावर तो हटकून पडतो. आफ्रिकान्सचे नाव वर्णद्वेषी राजवटीशी जोडले गेले आहे, आणि त्याला कारण आहे. ‘अपार्टहाइट’ हा शब्दच आफ्रिकान्समधला. त्या सरकारने कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत काही विषय आफ्रिकान्समधूनच शिकवण्याची सक्ती केली. तिच्या विरोधात १६ जून १९७६ रोजी सोवेटोतली हजारो मुले रस्त्यावर उतरली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मारल्या गेलेल्या मुलांमध्ये हेक्टर पीटरसन हा कोवळ्या वयाचा मुलगा होता. १६ जून हा आता तिथे युवक दिन म्हणून पाळला जातो, आणि हे विसरून या भाषेबद्दल बोलणे योग्य होणार नाही.

तरीही, ही केवळ सत्ताधाऱ्यांची भाषा होती असे म्हणणे हा त्या भाषेच्या खऱ्या निर्मात्यांवर अन्याय आहे. आज ती घरात बोलणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहीत. तिच्या जडणघडणीत गुलामांचा आणि खोईखोईंचा वाटा मोठा आहे. केपमधल्या मुसलमानांनी ती अरबी लिपीत लिहिली. उस्मानी साम्राज्यातून आलेले विद्वान अबूबक्र एफेंदी यांनी धर्माचरणावरचा ग्रंथ केपच्या मुसलमानांच्या याच बोलीत, अरबी लिपीत लिहिला आणि तो १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. नेल्सन मंडेला यांनी तुरुंगात असताना आफ्रिकान्सचा अभ्यास केला. ज्यांच्याशी उद्या वाटाघाटी करायच्या त्यांचे मन त्यांच्या भाषेतून ओळखता यावे, हा त्यांचा विचार होता. १९९६ च्या राज्यघटनेने अकरा राजभाषा मानल्या, त्यांत आफ्रिकान्सही आहे. २०२३ मध्ये खुणांची भाषा ही बारावी राजभाषा झाली.

या इतिहासातून तुमच्या शंकेवरही प्रकाश पडतो. तीच भाषा वर्गात सक्तीने आली तेव्हा मुलांनी तिच्याविरुद्ध प्राण पणाला लावले, आणि तिच्यातला निरोपाचा शब्द अंगणातून, दुकानातून आला तेव्हा लोकांनी तो आनंदाने घेतला. लादलेली भाषा लोक झिडकारतात, सहवासातून आलेला शब्द ठेवून घेतात. शब्द उसना घेण्याला गुलामगिरी किंवा दारिद्र्य म्हणण्यापूर्वी तो कोणत्या वाटेने आला, हे पाहिले पाहिजे.

आपला याच्याशी काही संबंध?

वाटतो त्याहून अधिक आहे. आपली तरुण मुले राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर ‘ट्रेक’ला जातात. हा ‘ट्रेक’ दक्षिण आफ्रिकेतूनच जगभर पसरला. मूळ अर्थ ओढणे. बोअर लोक बैलगाड्या ओढत दूरच्या मुलखात निघाले, त्या प्रवासाला ‘ट्रेक’ म्हणत, आणि इंग्रजीने तो शब्द तिथून उचलला. बातम्यांत येणारा ‘कमांडो’ही तिथलाच. बोअरांच्या घोडेस्वार तुकड्यांना ‘कोमांडो’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ब्रिटिशांनी आपल्या छापामार पथकांना तेच नाव दिले. म्हणजे आफ्रिकान्समधून आलेले शब्द आपण मराठीत कधीपासून बोलत आहोत.

उलट दिशेने पाहा. आफ्रिकान्समध्ये जाड कातडी चाबकाला ‘शाम्बॉक’ म्हणतात. हा शब्द मलायी भाषेतून तिथे गेला आणि मलायीत तो आला फारसी-हिंदुस्तानीतल्या ‘चाबूक’वरून. केपटाउनच्या जेवणात ‘आचार’ असतो, तो आपल्या ओळखीचा लोणच्याचा ‘अचार’च. गुलामांच्या आणि खलाशांच्या तोंडून हे शब्द समुद्रापार गेले. शब्दकोशातल्या या नोंदींमागे पकडून नेलेल्या माणसांची आयुष्ये आहेत.

मराठी मुलखातली माणसेही तिकडे गेली. रत्नागिरी-रायगडाकडची कोकणी मुसलमान कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून केपटाउनला स्थायिक झाली, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या तोंडी इंग्रजी आणि आफ्रिकान्स आली. १९१२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. तिथल्या एका सभेत कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू होते, म्हणून गांधीजींनी गोखल्यांना मराठीत बोलण्याचा आग्रह केला आणि त्यांच्या भाषणाचा हिंदुस्तानी अनुवाद स्वतः केला. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना गांधीजींनी ही हकिकत सांगितली आहे. ऐकणाऱ्याची भाषा बोलण्याने माणसे किती सुखावतात, हे दोघेही ओळखून होते.

जाता जाता, आपल्या ‘टाटा’बद्दल

या विषयावर बोलणे निघाले की कोणीतरी विचारतेच : आपण लहान मुलांना ‘टाटा कर’ म्हणतो, तो ‘टाटा’ उद्योगपतींच्या आडनावावरून आला का? नाही. इंग्रजीत लहान मुलांशी बोलताना ‘टाटा’ म्हणण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. ती इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली, आडनावाशी जुळला तो निव्वळ योगायोग. आफ्रिकान्समध्येही मुलांच्या तोंडी ‘टाटा’ आहे. म्हणजे मराठी बाळ आणि आफ्रिकान्स बाळ एकाच शब्दाने निरोप घ्यायला शिकते.

तुमच्या तीन शंकांची उत्तरे आता थोडक्यात सांगता येतील. ‘टॉटसीन्स’ हा डचमधून आफ्रिकान्समध्ये आलेला शब्द, अर्थ ‘पुन्हा भेटेपर्यंत’. दीड-दोन शतकांच्या शेजारामुळे तो दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत रुजला. लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये तो ऐकू येणार नाही, शेजारच्या नामिबियात मात्र येईल, कारण तिथेही आफ्रिकान्स पुष्कळ बोलतात. आणि तो घेतला गेला तो उणिवेपोटी नाही, समोरच्या माणसाला बरे वाटावे म्हणून.

या शब्दाचे उत्तर याच शब्दाने देतात. पुढच्या वेळी घरमालक पडद्यावर आले, की तुम्हीही हात हलवून मोकळेपणाने ‘टॉटसीन्स’ म्हणा. आणि त्यांना आपले ‘येतो’ शिकवायला मुलाला सांगा.